पाणी कमी होतंय, पण जमीन कोरडी!

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. माझ्याकडे 1965 सालची मॉरिस मायनर आहे, 1098 सीसी इंजिनाची. वडिलांनी घेतलेली, आता मी सांभाळतो. गेले तीन महिने दर आठवड्याला रेडिएटरमध्ये पेलाभर पाणी घालावं लागतं. गाडीखाली थेंब नाही, होज पाईप कोरडे. लांब फिरून आलं की बॉनेटखालून गोडसर वास येतो, आणि थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर पाण्याला वाट देणाऱ्या झडपेच्या) झाकणाखाली हेडवर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर, पांढरा-हिरवा डाग दिसतो. एक जण म्हणाला, हेडचं पॅकिंग गेलं, इंजिन खोला. दुसऱ्यानं गळती बंद करणाऱ्या पावडरची डबी हातात ठेवली आणि ओतून टाका म्हणाला. डबी अजून फोडलेली नाही. काय करू?

उत्तर : दादा, डबी फोडली नाहीत हे फार बरं केलंत. आता ती कपाटात मागे ठेवून द्या. इंजिनही खोलू नका. गळती कुठे आहे ते तुमच्या पत्रातच लिहिलेलं आहे, फक्त ते तुम्ही शेवटी लिहिलंत. तो पांढरा-हिरवा डाग!

त्या डागाकडे वळण्याआधी एक शंका मात्र फेडून घेऊ. तुम्ही पाणी कुठपर्यंत भरता? मायनरला पाणी परत ओढून घेणारी वेगळी टाकी नाही. रेडिएटरच्या तोंडाजवळून एक बारीक नळी खाली जाते, तेवढीच वाट. इंजिन तापलं की पाणी आणि कूलंटचं मिश्रण फुगतं, थंड असताना असेल त्याच्या शंभराला चार-पाच भाग. या गाडीत सगळं मिळून जेमतेम पाच लिटर मावतं, म्हणजे पाव लिटरच्या आतबाहेर जागा फुगण्यासाठी हवी. तुम्ही काठोकाठ भरलंत तर तेवढं पाणी पहिल्याच फेरीत त्या नळीतून रस्त्यावर जाणार. सकाळी टोपी काढून बघाल तर पातळी खाली. मग तुम्ही पुन्हा काठोकाठ भरणार आणि गाडी पुन्हा फेकणार. अशा कितीतरी गाड्या मी पाहिल्या आहेत, ज्यांना गळतीच नव्हती. म्हणून दोन आठवडे असं करा : थंड इंजिनात तोंडाच्या काठापासून बोटाची दोन पेरं खाली पातळी ठेवा. आतल्या नळ्यांची वरची टोकं झाकलेली दिसली म्हणजे पुरे. दाभणाएवढ्या काडीवर खूण करून रोज सकाळी मोजा. खूण एका जागी थांबली तर गाडी पाणी गळत नव्हती, तुमचाच हात जास्त घालत होता. थांबली नाही तर पुढे वाचा. तुमच्या बाबतीत डाग आणि वास दोन्ही आहेत, त्यामुळे ती थांबणार नाही असं मला वाटतं, पण मोजल्याशिवाय पाना उचलायचा नाही.

आता, जमीन कोरडी कशी? गळती दोन जातींची असते, आणि माझ्या मते हा फरक कळला की अर्धं काम झालं. एक गळती थंडपणाची. रात्रभर उभ्या गाडीत रबर आकसतं, क्लिप सैल बसते, सकाळी होजच्या टोकाखाली थेंब दिसतो. इंजिन तापलं की रबर फुगून ती बंद. दुसरी गळती गरमपणाची. टोपी पाण्याला दाबात धरते, तुमच्या गाडीच्या टोपीवर 7 हा आकडा असेल, म्हणजे चौरस इंचाला सात पाउंड. या दाबाखाली एरवी 100 अंशाला उकळणारं पाणी 110 अंशापर्यंत तग धरतं. तो दाब एखाद्या बारीक फटीतून पाणी बाहेर ढकलतो, पण बाहेरचं लोखंड इतकं तापलेलं असतं की थेंब जमिनीवर पोचायच्या आत वाळतो. पाणी उडून जातं, मागे क्षार आणि कूलंटमधली द्रव्यं राहतात. तोच तुमचा डाग. गोडसर वासही त्याचाच, कूलंटमधलं ग्लायकॉल तापलं की तसा वास येतो. थंड झाल्यावर दाब नाही, म्हणून गळती नाही, म्हणून होज कोरडे. तुमचं वर्णन या दुसऱ्या जातीला अगदी तंतोतंत लागू पडतं.

पेलाभर पाण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. पेलाभर पाण्याची चिंता मलाही नाही, चिंता दाबाची आहे. फटीतून दाब सुटला की ते दहा अंश हातचे गेले. लांब चढावर, कडक उन्हात, भरल्या गाडीत तेच दहा अंश इंजिनाला तारतात. त्यांच्याशिवाय एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास पाणी आधी उकळतं, वाफेचे बुडबुडे धरतात, आणि नेमक्या त्या जागेला पाण्याचा स्पर्श राहत नाही. मग खरोखर हेडचं पॅकिंग जातं.

डाग वाचायचीही एक रीत आहे. पंख्याचा वारा सगळं मागे ढकलतो, आणि वजन सगळं खाली ओढतं. म्हणून जिथे डाग सगळ्यात मोठा, तिथे गळती नसते. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ठिपका शोधा. जुन्या दातांच्या ब्रशने कोमट पाण्यात तो सगळा भाग स्वच्छ घासा, फडक्यानं कोरडा करा, आणि साध्या टाल्कम पावडरीचा हलका थर मारा. गाडी वीस मिनिटं चालवा, थांबा, टॉर्च घेऊन बघा. पावडरीत काळसर ओली रेघ उमटलेली दिसेल, आणि तिचं वरचं टोक तुम्हाला बोट दाखवेल. प्रेशर टेस्टर उसना मिळाला तर आणखी चांगलं : थंड इंजिनावर टोपीच्या जागी बसवायचा, हातपंपानं सातपर्यंत दाब भरायचा आणि दहा मिनिटं काटा बघत बसायचं. सातच्या वर मात्र जायचं नाही. पितळेच्या जुन्या रेडिएटरचे सांधे कथलाच्या डागकामाचे असतात, जास्त दाब दिलात तर नसलेली गळती तुम्हीच तयार कराल. आणि टोपी? गरम इंजिनाची टोपी कधीही उघडू नका. वरच्या होजला हात लावून तो गार आणि मऊ लागेपर्यंत थांबा. हे मी प्रत्येक अंकात लिहीन, कंटाळा आला तरी.

हेडच्या पॅकिंगची भीती मनातून जावी म्हणून तीन गोष्टी तपासा. थंड इंजिनाची टोपी काढून इंजिन चालू करा आणि रेडिएटरच्या तोंडात बघा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतील ते हवेचे, पण एकसारखे, न थांबता, इंजिनाच्या तालावर बुडबुडे येत राहिले तर वायू पाण्यात शिरतोय. मग चारही स्पार्क प्लग काढून ओळीने मांडा. तीन तपकिरी आणि एकच पांढराशुभ्र, धुतल्यासारखा असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. तेल भरायच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरा लगदा दिसला तर शंका धरा, पण थंड हवेत गाडी नुसती जवळपास फिरवली तरी तो थोडा धरतो, म्हणून एकट्या त्याच्यावर निकाल देऊ नका. तिन्ही ठीक असतील तर हेडच्या नटांना हातही लावू नका. गळती वरच्या झाकणाची आणि आवळायचे हेडचे नट, हा उद्योग मी पाहिला आहे. साठ वर्षांचे स्टड, म्हणजे नट ज्यांच्यावर बसतात ते आटे पाडलेले दांडे, असे उगाच ताणायचे नसतात.

तर आता झाकण. तुमच्या इंजिनाच्या पुढच्या टोकाला, हेडच्या माथ्यावर, ॲल्युमिनियमचं वाकडं तोंड आहे, तिथून वरचा होज रेडिएटरला जातो. ते तीन स्टडवर बसतं, खाली कागदी पॅकिंग, त्याखाली हेडच्या खोबणीत थर्मोस्टॅट. ॲल्युमिनियमचं झाकण, पोलादाचे स्टड, बिडाचं हेड, आणि मधे वर्षानुवर्षं पाझरणारं पाणी. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र राहिले की ॲल्युमिनियम झिजतं आणि पांढरी भुकटी होऊन स्टडभोवती गच्च बसते. झाकण निघत नाही ते नटामुळे नाही, त्या भुकटीमुळे.

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा याच झाकणाचा स्टड मोडला होता. नट निघाले होते, झाकण हलत नव्हतं, मी खाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं. एक कोपरा उचलला गेला, मला वाटलं जमलं, आणि टक् असा आवाज आला. स्टड हेडच्या पातळीला मोडला. झाकणाच्या खालच्या तोंडावर स्क्रू ड्रायव्हरनं खोल चरा पडला तो वेगळाच. वडील शेजारच्या बाकावर काम करत होते. ते रागावले नाहीत. मोडक्या स्टडच्या नेमक्या मध्यावर त्यांनी पंचनं खूण केली, बारीक ड्रिलनं भोक पाडलं, मग त्याहून मोठ्या, मग त्याहून मोठ्या, आणि शेवटी उरलेली पोलादाची साल आट्यांमधून सुईसारख्या टोकानं सोलून काढली. दुपार गेली. हेडच्या आट्यांना धक्काही लागला नव्हता. ती साल त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली, स्प्रिंगसारखी वळलेली. तेव्हापासून मी त्या झाकणाखाली काहीही घालत नाही.

तुम्ही हे काम शनिवारी करायचं ठरवलंत तर बुधवारपासून सुरुवात करा. रोज रात्री तिन्ही स्टडच्या बुडाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन-दोन थेंब सोडा. शनिवारी, इंजिन पूर्ण गार असताना, रेडिएटरची खालची तोटी उघडून दीड-दोन लिटर पाणी स्वच्छ परातीत काढा. सगळं काढायची गरज नाही, पातळी झाकणाच्या खाली गेली म्हणजे झालं. तोटी अडली असेल तर जोर करू नका, खालचा होज सोडवा. परात लगेच झाकून उंचावर ठेवा! एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. मांजर-कुत्रं चाटायला धावतं आणि थोडंसंही त्याच्या जिवावर बेततं. मुलांचंही तेच. सांडलेलं लगेच पाण्यानं धुवा.

वरचा होज सोडवा. नट आधी किंचित आवळायच्या बाजूला हलवा, मग सोडा, अडला तर पुन्हा तेल. नट निघाले की लाकडी हातोडीनं किंवा लाकडाचा ठोकळा मधे धरून झाकणाला आडवे हलके ठोके द्या, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. उचलायचं नाही, जागच्या जागी डुलवायचं. हलत नसेल तर गरम हवेच्या गननं झाकण तापवा. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे स्टडभोवतीची भोकं मोठी होतात आणि पकड सुटते. ज्योत नको, जवळ पेट्रोलची नळी आहे. पुन्हा तेल, पुन्हा डुलवणं. अर्धा तास लागला तर लागू द्या. एक क्षण असा येतो की ठोक्याचा आवाज बदलतो, भरीव असतो तो पोकळ होतो. तिथून ते हातानं निघतं.

झाकण निघाल्याबरोबर हेडच्या भोकात फडक्याचा बोळा घाला, मग जुनं पॅकिंग खरवडा. पॅकिंगचे तुकडे आत पडले तर ते रेडिएटरच्या नळीत जाऊन बसतात. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरा, पातं नको. आणि आता झाकण उलटं करून उजेडात धरा.

माझी खात्री आहे की ते वाकलेलं असेल. आधीच्या कुणीतरी गळती दिसली म्हणून नट आवळले, पुन्हा दिसली, आणखी आवळले. मऊ धातूचे कान स्टडपाशी खाली दबतात आणि मधला भाग वर उचलला जातो. म्हणजे जितकं आवळाल तितकी फट वाढते! बघायची रीत सोपी. जाड काच सपाट टेबलावर ठेवा, तिच्यावर 240 नंबरचा पॉलिश पेपर, पेपरवर रॉकेलचे चार थेंब. झाकणाच्या तोंडावर मार्कर पेननं आडव्या-उभ्या रेघा मारा. मग बोटांनी मधोमध हलकं दाबून मराठी चारचा आकडा गिरवावा तसं फिरवा. दहा-बारा वेळा फिरवून उलटं करा. कानांजवळ रेघा पुसलेल्या आणि धातू चकाकतोय, मधे रेघा तशाच आहेत, असं दिसलं की गळतीचं कारण तुमच्या हातात आहे. फिरवत राहा, मधूनमधून झाकण पाव वळण फिरवून धरा म्हणजे एकाच बाजूला झिजणार नाही. शेवटची रेघ पुसली गेली की 400 नंबरवर थोडंसं, आणि थांबा. मला या कामात फार आनंद मिळतो. काळपट, डागाळलेल्या तोंडावर सगळीकडे सारखी राखाडी झळाळी येते आणि आता हे बसणार हे बोटांना आधीच कळतं. खोल खड्डे पडले असतील, भोकाच्या काठापासून बाहेरच्या कडेपर्यंत पोचणारे, तर मात्र घासत बसू नका, नवं झाकण घ्या. या इंजिनाची झाकणं आजही नवी बनतात.

हेडचं तोंड कधी घासायचं नाही, फक्त साफ करायचं. स्टील पट्टी आडवी धरून खालून उजेड दिसतो का ते बघा, बीड सहसा वाकत नाही.

थर्मोस्टॅट हातात आहेच तर तोही तपासा. त्याच्यावर उघडायचं तापमान कोरलेलं असतं, बहुधा 82 अंश सेल्सिअस. दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात बुडवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. 82 च्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे, आणि गार पाण्यात घातल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. अर्धवट उघडा राहत असेल तर बदला. काही जण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, म्हणे इंजिन गार राहतं. तसं करू नका. गार इंजिनात तेल दाट राहतं, सिलिंडर लवकर झिजतात.

बसवताना नवं कागदी पॅकिंग, दोन्ही बाजूंना ग्रीसचं नुसतं बोट. वाळून कडक न होणारा पातळ सीलंट चालेल, पण इतका पातळ की पॅकिंगचा रंग दिसत राहावा. जाड थर दिलात तर अर्धा बाहेर येतो, तो तुम्ही पुसता, अर्धा आत जातो, तो दिसत नाही. स्टड तारेच्या ब्रशनं साफ करून त्यांना अँटी-सीझ (नट चिकटू न देणारा लेप) किंवा ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी तीन रात्री तेल सोडावं लागणार नाही. नट हातानं टेकेपर्यंत, मग आळीपाळीनं पाव-पाव वळण. शेवटचा जोर 8 पाउंड-फूट, म्हणजे साधारण 11 न्यूटन-मीटर. हा फार थोडा असतो. टॉर्क पाना नसेल तर आखूड पाना दोन बोटांनी धरा, मनगट वापरू नका. सपाट तोंडाला एवढं पुरतं.

पाणी भरताना हीटरची तोटी उघडी ठेवा, हळूहळू ओता, वरचा होज मुठीत दाबत राहा म्हणजे अडकलेली हवा निघते. टोपी न लावता इंजिन चालू करा, थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाईल, तेव्हा थोडं घाला आणि टोपी लावा. एकदा फिरून या, रात्रभर गार होऊ द्या, सकाळी तिन्ही नट एकदा हलके तपासा. एकदाच.

कूलंट कोणतं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते. पितळी रेडिएटर आणि कथलाचं डागकाम असलेल्या गाडीला जुन्या पद्धतीचं, सिलिकेट असलेलं इनऑरगॅनिक कूलंट द्या, डिस्टिल्ड पाण्यात, दर दोन वर्षांनी बदलून. दीर्घकाळ टिकणारी नवी सेंद्रिय आम्लांची कूलंट नव्या ॲल्युमिनियमच्या इंजिनांसाठी बनवलेली आहेत, जुन्या डागकामाशी त्यांचं जमेल याची खात्री नसते. बाटलीतल्या रंगावर जाऊ नका, रंग कंपनीच्या मर्जीचा असतो, लेबल वाचा. आणि नुसत्या पाण्यावरून कूलंटवर आलात तर आधी न दिसलेले पाझर दिसतील. ग्लायकॉलच्या मिश्रणाचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी असल्यामुळे जिथे पाणी अडतं तिथून ते शिरतं. कूलंटनं गाडी बिघडवली असं समजू नका, फट आधीपासूनच होती.

आता त्या पावडरीबद्दल. ती पाण्यात फिरत राहते आणि जिथे अरुंद वाट दिसेल तिथे बसते. फट तिला ओळखू येत नाही. हीटरच्या आणि रेडिएटरच्या नळ्या अरुंदच असतात, साठ वर्षांच्या गाळानं आणखी अरुंद झालेल्या. निर्जन रस्त्यावर, रात्री, घरी पोचायचंच असेल तर एकदा वापरा, आणि पोचल्यावर सगळं धुऊन काढा. झाकणाच्या गळतीवर तिचा काही उपयोग नाही, कारण वाकलेला कान पावडरीनं सरळ होत नाही.

---

प्रश्न : मावशी, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजोबांची जुनी गाडी मीच बघते. हीटरच्या होजमधून सकाळी थेंब येतात. क्लिप आवळली, दोन दिवस थांबलं, पुन्हा सुरू. आता क्लिप आणखी आवळली जात नाही.

उत्तर : अगं, क्लिप आवळून संपली म्हणजे होज संपला. टोकाजवळ होज दोन बोटांत दाबून बघ. चांगलं रबर दबतं आणि परत येतं. तुझं बहुतेक टणक लागेल, किंवा चिकट, किंवा दाबल्यावर बारीक भेगा दिसतील. रबर एकदा कडक झालं की थंडीत आकसतं आणि क्लिप त्याच्याबरोबर आकसत नाही. नवा होज घाल.

जुना ओढून काढू नकोस. हीटरची नळी पातळ पितळेची असते, ओढताना वाकते किंवा तिचं डागकाम सुटतं. होज लांबीनं पात्यानं चिर, नळीपर्यंत पोचू न देता, आणि केळं सोलावं तसा सोल. खाली नळीवर खरखरीत क्षाराचा थर असेल. गळती बऱ्याचदा त्या थरावरूनच वाट काढते, म्हणून नळी बारीक पॉलिश पेपरनं गोल फिरवून गुळगुळीत कर, लांबीच्या दिशेनं नको, कारण लांबीचा प्रत्येक ओरखडा पाण्याला वाट देतो. नळीच्या टोकाला उंचवटा असतो. क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, त्याच्यावर नाही आणि होजच्या अगदी काठावरही नाही.

क्लिप योग्य मापाची घे. खूप मोठी क्लिप आवळत नेली की ती गोल राहत नाही, अंडाकृती होते आणि दोन बाजूंना सैल पडते. स्क्रूवर फिरणारी पट्टीची क्लिप लम्ली रॉबिन्सन या ब्रिटिश नौदलातल्या अधिकाऱ्यानं शोधली, तिचं पेटंट 1921 चं आहे. शंभर वर्षांत तिच्यात फारसं बदलावं लागलेलं नाही. कडा वर वळलेल्या असतील अशी घे, चिरलेल्या धारेची पट्टी रबर कापते. आणि नवा होज घातल्यावर आठवड्यानं एकदा अर्धं वळण आवळ, नवं रबर थोडं बसतं.

आजोबांना गाडीजवळ बोलावून हे काम कर. ही क्लिप मागच्या वेळी कधी आणि का बदलली होती, हे त्यांच्याइतकं कुणाला आठवणार नाही.

---

प्रश्न : वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक आहे, त्यातून थेंब पडतात. दोन भाग मळून लावायचा एपॉक्सी भरून बुजवलं तर चालेल का?

उत्तर : नाही. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या आत पाण्याचं सील आणि बेअरिंग यांच्या मधे ते असतं, सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर पडावं म्हणून. बुजवलंत तर तेच पाणी बेअरिंगचं ग्रीस धुऊन टाकेल. मग पंपाचा दांडा डुलायला लागेल, आणि पंख्याची पाती रेडिएटरवर घासली तर एका पंपाच्या जागी रेडिएटरही जाईल. पट्टा सैल करून पंखा दोन हातांनी पुढे-मागे हलवून बघा. हलत नसेल आणि थेंब क्वचितच पडत असेल तर पाणी तपासत जवळपास फिरायला हरकत नाही, तोवर पंप मागवा. हलत असेल तर पंप बदलेपर्यंत गाडी उभी ठेवा. नवा पंप बसवल्यावर पट्टा फार ताणू नका, मधोमध अंगठ्यानं दाबून अर्धा इंच दबला पाहिजे.